घोडेस्वारी शिकतेय, पण घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?

गंगाकाठी | ११ ऑगस्ट, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढतेय, कारण घरात हे बोलायची सोय उरलेली नाही. नवरा म्हणतो, "सोडून दे." सासूबाई म्हणतात, "या वयात?" आणि लेक काही म्हणत नाही, नुसतं हसते. ते जास्त लागतं.

माहेर पैठणचं, नोकरी बँकेत, मुक्काम छत्रपती संभाजीनगर. वय ३९. जानेवारीत लेकीला (वय १२) शहराबाहेर घोडेस्वारीच्या वर्गाला घातलं. सकाळी कट्ट्यावर बसून मोबाइल बघण्यापेक्षा आपणही घोड्यावर बसून बघावं म्हणून मीही नाव नोंदवलं. मार्चपर्यंत झकास चाललं होतं. चाल, वळणं, थांबणं जमलं, दुडकीत उठबसही यायला लागली. ऊन वाढलं तसे एप्रिल-मे बंद ठेवले.

जूनमध्ये पुन्हा सुरू केलं आणि तिसऱ्याच दिवशी पडले. कुंपणावरची ताडपत्री वाऱ्यानं फडफडली, घोडी एका बाजूला उडाली, मी दुसऱ्या. डावा खांदा महिनाभर ठणकला. मोडलं काही नाही.

तेव्हापासून दुडकी सुरू झाली की अंग लाकडासारखं होतं. हात आपोआप लगाम ओढतात, घोडी थांबते. मी टाच मारते, ती निघते, मी पुन्हा ओढते. उस्ताद ओरडतात, "टाच खाली, नजर वर!" कळतं, वळत नाही. लेक तिकडं कँटर (दुडकीच्या पुढची धाव) करतेय. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली आपल्याला घोडेस्वारीत ४१ वर्षांनी सुवर्ण मिळालं ना, ड्रेसाजमध्ये (घोड्याला आखीव चालींत चालवून दाखवायचा प्रकार), सांघिक, त्या चौघांची नावं तिला तोंडपाठ आहेत. त्यातली सुदीप्ती हजेला इंदूरची, म्हणजे "जवळचीच" असा तिचा हिशोब.

आता खरं सांगते. काल रविवारी मी घोडीला दोनदा छडी मारली. तिची काही चूक नव्हती. मला राग आला होता, एवढंच. तिनं कान मागं पाडले आणि उभी राहिली. रात्री जेवण गेलं नाही. शिकायचं सोडू का, हा प्रश्न आता पडण्याच्या भीतीमुळं नाही, त्या दोन छड्यांमुळं पडलाय.

---

परभणीकर७ | ११ ऑगस्ट, रात्री १०:४०

ताई, स्कूटी घ्या. कान पाडत नाही. (हलकंच घ्या.)

---

हट्टी_तट्टू | ११ ऑगस्ट, रात्री ११:२५

मूळचा औशाचा, सध्या पुण्यात. सात वर्षं बसतोय, त्यातली दोन तुमच्यासारखीच गेली.

तुमचं घोडं जिथं पेंड खातंय ती जागा बहुतेक गुडघ्यात आहे. पडून आलेला माणूस नकळत पुढं वाकतो आणि गुडघ्यानं खोगीर आवळतो. गुडघा आवळला की टाच वर येते, टाच वर आली की बूड खोगिरातून सुटतं, आणि बूड सुटलं की माणूस हाताला लटकतो. म्हणजे लगामाला. उस्तादांनी "टाच खाली" हे कितीही वेळा सांगितलं तरी मांडी सैल झाल्याशिवाय टाच खाली जात नाही, आणि मांडी हुकमानं सैल होत नसते. घोडीला तर एकाच वेळी "चल" आणि "थांब" असे दोन निरोप मिळताहेत. ती करणार तरी काय?

मला ज्याचा उपयोग झाला ते सांगतो. लगाम हातातून काढून घ्या. उस्तादांना म्हणा, लांब दोरीवर गोल फिरवा. आपल्याकडं याला "काव्यावर धरणं" असा जुना शब्द आहे, तो आता फक्त गनिमी काव्यात उरलाय. एक हात आयाळीत, दुसरा खोगिराच्या पुढच्या कडेला. आठ पावलं दुडकी, मग चाल. पुन्हा आठ. दुडकीला दोनच ठोके असतात, कारण घोड्याचे तिरप्या रेषेतले पाय, म्हणजे पुढचा डावा नि मागचा उजवा, असे जोडीनं पडतात. ते ठोके मोठ्यानं मोजा. मोजताना श्वास कोंडता येत नाही, ही त्यातली गंमत. मी मोजायचो नाही, हरिपाठ म्हणायचो. शेजारच्या रिंगणातली पोरं हसायची, पण मांडी सुटली.

---

जुना_शिलेदार | १२ ऑगस्ट, सकाळी ६:५०

पडल्याशिवाय स्वार होत नाही. आमच्या वेळी पडलं की उस्ताद आधी घोडा धरायचे, मग आमच्याकडं बघायचे. लगेच परत चढायचं, बास. भीतीला रात्र मिळू द्यायची नाही. तुम्ही महिनाभर खांदा शेकत बसलात, तिथंच चुकलं. १७२८ साली आमच्या वैजापूर तालुक्यात पालखेडला बाजीरावांनी निजामाला कोंडलं, ते काय मांडी सैल करायचे व्यायाम करून?

---

हट्टी_तट्टू | १२ ऑगस्ट, सकाळी ९:०५

@जुना_शिलेदार काका, पालखेडचा अभिमान मलाही आहे. पण ती माणसं घोड्याच्या पाठीवरच वाढलेली. ताई चाळिशीला टेकल्यात, सकाळी साडेनऊला बँकेत हजर व्हायचं असतं. आपलंच घोडं किती दामटायचं?

---

पशुवैद्य_लातूर | १२ ऑगस्ट, दुपारी २:१५

"लगेच परत चढा" यावर थोडं बोलतो. खरचटलं असेल, माणूस हसत उठला असेल, तर चढा, हरकत नाही. पण डोकं आपटलं असेल, मळमळ होत असेल, अंधारी येत असेल, तोच तोच प्रश्न विचारत असेल, तर त्या दिवशी घोडा बंद आणि थेट डॉक्टर. दुसऱ्यांदा पडला तर मेंदूला मार जास्त बसतो. आपटलेलं हेल्मेटही बदलायचं. वरून धड दिसलं तरी आतला थर दबलेला असतो, तो एकदाच कामाला येतो. गंगाकाठी, तुमच्या हेल्मेटचं काय झालं होतं?

दुसरं, कुणी अजून घोडीबद्दल विचारलं नाही याचं नवल वाटतं. मार्चमध्ये ती नीट चालत होती आणि जूनमध्ये बिथरते, थांबते, कान पाडते. घोड्याला तोंडानं सांगता येत नाही. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना ती चावायला वळते का? शेपूट झटकते का? दुडकीत डोकं एका लयीत वर-खाली होतं का? पुढचा पाय दुखत असला की दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं. दातही बघून घ्या. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात, कडा धारदार होतात, गालाला टोचतात, मग लगाम लागला की त्रास. मैदानावरचे लोक याला "नखरे" म्हणतात.

जवळ घोड्याचा अनुभव असलेला डॉक्टर मिळत नसेल तर आपल्याकडं परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं चौकशी करता येते.

---

नालबंदाचा_नातू | १२ ऑगस्ट, रात्री ८:३०

ताई, मी लोहा तालुक्यातला. लिहायची सवय नाही, बोलल्यासारखं लिहायलोय. आमच्या आज्याचा धंदा नाल ठोकायचा, माळेगावच्या यात्रेत घोडं-गाढव-उंट समदं बघत मोठं झालो.

डॉक्टरसायबाचं खरंय. आधी घोडी बघा. खोगीर काढल्यावर घामाचा डाग बघा. दोन्हीकडं सारखा वला असला तर बरं. मधीच कोरडा ठिपका ऱ्हायला असंल तर तिथं खोगीर दाबायलंय, असं आज्या म्हणायचा. मग पाठीवरून दोन बोटं दाबत हळूहळू न्या. दुखऱ्या जागी ती कातडी थरथरवंल नाहीतर पाठ खाली घालंल. पावसाळ्यात खूर मऊ पडतेत, नाल ढिला होतो, ते बी बघा. नाल सहा-आठ आठवड्याला बदलायचाच, दिसायला चांगला असला तरी, कारण खूर वाढतंय.

आन छडीचं. मारलं, वाईट वाटलं, लई बरं झालं, काही लोकायला तेवढं बी वाटत नाही. पण आता तिच्यापुढं रडत बसू नका. माफी बिफी तिला कळत नसती. रोज अर्धा तास खरारा करा, पाणी दावा, मोरकी धरून मैदानात पायी फिरवा. बसू नका, नुसतं संगं चाला. ती तुमच्या खांद्याला खांदा लावून चालायली की समजा झालं.

एक सांगू का. आमच्याकडं म्हणत्यात, चढायला दोन दिस लागतेत, येळेवर उतरायला दोन वर्सं. रागाचं पहिलं चिन्ह म्हंजी दात. तुमचे दात एकमेकावर आवळले की तवाच उतरा. छडी पोहोचायच्या आधी. कामून म्हणाल तर दात आवळलेल्या माणसाचा हात मऊ ऱ्हातच नाही.

---

लेकुरवाळी | १३ ऑगस्ट, दुपारी १२:४०

घोड्याचं मला ओ की ठो कळत नाही, पण लेकीवरून आलेल्या रागाचं कळतं. मी पस्तिसाव्या वर्षी पोहायला शिकले. शेतातल्या विहिरीत, पाठीला प्लॅस्टिकचा डबा बांधून, अंबडजवळ. माझा मुलगा चौथ्या दिवशी डबा सोडून सूर मारायला लागला, मी दोन महिने कड धरून. तेव्हा नवऱ्याला म्हटलं होतं, "याला जरा बाहेर काढा, माझ्या अंगावर पाणी उडतंय." पाणी बिणी काही उडत नव्हतं.

पोरांना पडलं तर काय मोडेल, रजा किती लागेल, कर्जाचा हप्ता कोण भरेल, हे काही माहीत नसतं. आपण पडायच्या आधीच हिशोब मांडलेला असतो. लेकीची वेळ वेगळी घ्या. महिनाभर एकमेकींना बघूच नका.

---

खोगीरभरती | १३ ऑगस्ट, दुपारी १:१०

घोडा केवढ्याला पडतो? आणि रोज किती खातो? गच्चीवर ठेवता येईल का?

---

परभणीकर७ | १३ ऑगस्ट, दुपारी १:१४

@खोगीरभरती आयडी सार्थ केलात.

---

गंगाकाठी | १७ ऑगस्ट, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, कारण आधी घोडीकडं गेले.

@पशुवैद्य_लातूर हेल्मेट तेच वापरत होते. तुमचं वाचून उलटं करून बघितलं, आतून बारीक तडा गेलेला होता. टाकून दिलं.

नातूदादा, तुम्ही सांगितलं तसा घामाचा डाग बघितला. उजवीकडं सारखा ओला, डावीकडं मानेच्या बुडाशी तळहाताएवढा कोरडा पट्टा. बोटं दाबली तर घोडीनं पाठ अशी खाली घातली की माझ्या पोटात गोळा आला. चौकशी केल्यावर कळलं, जुन्या खोगिराचा सांगाडा मेमध्ये तुटला, तेव्हापासून दुसऱ्या घोड्याचं खोगीर तिच्यावर घालताहेत. उस्ताद आधी चिडले, "चार महिने शिकून आम्हाला शिकवता?" नंतर स्वतः बोटं दाबून बघितली आणि गप्प झाले. घोडीला महिनाभर सुटी मिळाली. म्हणजे मी जिला मारलं तिची पाठ दुखत होती. हे वाक्य लिहायला मला दहा मिनिटं लागली.

पण इथं एक कबूल करते. खोगीर सापडलं तेव्हा क्षणभर हायसं वाटलं. चला, दोष माझा नव्हता! शनिवारी दुसरा घोडा दिला, वयस्कर, शांत, पाठ ठणठणीत. त्याच्यावर दुडकीला निघाले आणि तस्संच. लाकूड. लगाम ओढला, तो बिचारा थांबला. तेव्हा दोन्ही खरं होतं, घोडीचं दुखणं वेगळं आणि माझं वेगळं. दात आवळलेले लक्षात आले, तिथंच उतरले. अकरा मिनिटं झाली होती. पैसे पाऊण तासाचे.

---

जुना_शिलेदार | १८ ऑगस्ट, सकाळी ७:०५

उतरलात ते पटलं नाही. पण खोगिराचं शोधून काढलंत, त्याला शाबास. आमच्या वेळी पाठ न बघता खोगीर चढवलं तर उस्ताद आम्हालाच पळवायचे, पागेला पाच फेऱ्या. हल्लीच्या मैदानांवर घोडे सांभाळणारे मोतद्दार कमी आणि पोस्टर जास्त.

---

नांदेडहून | १८ ऑगस्ट, रात्री ११:३०

मी ५२व्या वर्षी सुरुवात केली, आज ५८. आमच्याकडं घोड्याचं वेड घालायला वेगळं कुणी लागत नाही. हजूर साहिबच्या गुरुद्वाऱ्याचे घोडे आहेत, होळीच्या नि दसऱ्याच्या हल्ल्याला (हल्लाबोल मिरवणुकीला) निहंग शीख स्वार भरधाव निघतात तेव्हा रस्त्याच्या कडेला उभा राहिलेला प्रत्येक पोरगा मनातल्या मनात खोगिरावर असतो. मी चाळीस वर्षं कडेला उभा होतो.

मी एकदा सोडलंही. पडून नव्हे. काहीच होत नव्हतं म्हणून. सहा महिने तीच दुडकी, तेच वळण, पुढं सरकेना. रागही येत नव्हता, नुसता कंटाळा. रागापेक्षा तो वाईट, कारण त्यात आवाज नसतो. वर्षभर गेलो नाही. परत आलो तेव्हा वाटलं शून्यापासून सुरुवात, पण दोन आठवड्यांत जिथं अडलो होतो त्याच्या थोडा पुढंच होतो. अंग मधल्या काळात आपलं आपलं काहीतरी मुरवत असावं. लोणच्यासारखं.

आणखी एक. डेन्मार्कच्या लिस हार्टेल. १९४४ साली पोलिओ झाला, गुडघ्याखाली दोन्ही पाय लुळे. घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागायचा. १९५२च्या ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं रौप्य घेतलं, १९५६ला पुन्हा रौप्य. हे "बघा, ती करू शकली तर तुम्ही का नाही" अशासाठी सांगत नाहीये, तसले निरोप मला सकाळी सकाळी भरपूर येतात. माझा मुद्दा टाचेचा आहे. ज्या बाईला टाच वापरताच येत नव्हती ती घोड्याशी बोलली कशानं? पाठीनं, वजनानं, श्वासानं. उस्तादांना सांगा, थोडे दिवस टाचेचं नाव काढू नका.

---

गंगाकाठी | २१ ऑगस्ट, रात्री १०:२०

@नांदेडहून हे सांगितलं उस्तादांना. म्हणाले, "मग काय म्हणू?" मी म्हटलं, "काहीच म्हणू नका." तेही त्यांना अवघडच गेलं.

काव्यावर, हात आयाळीत, आठ-आठ पावलं. मी हरिपाठाऐवजी पाढे म्हणते. सत्तावीसचा पाढा नीट येत नाही म्हणून तोच घेतला, डोकं दुसरीकडं गुंतावं. दोनशे सोळाच्या पुढं गेले आणि लक्षात आलं की आठ पावलं कधीच संपलीत.

---

हट्टी_तट्टू | २२ ऑगस्ट, सकाळी ८:००

बँकवाल्यांनी सत्तावीसला अडावं? ठेवी काढून घेतो.

---

गंगाकाठी | २८ डिसेंबर, रात्री ९:४०

धागा वर काढतेय. माळेगावला जाऊन आले, म्हणून.

मधलं थोडक्यात सांगते. सप्टेंबरात पावसानं असं झोडपलं की मैदानाचं तळं झालं, काळ्या मातीत घोड्याचा पाय घोट्यापर्यंत रुतायचा. महिनाभर बंद. दसऱ्याला पूजेपुरती गेले. आमच्या घोडीची पाठ भरून आली, नवं खोगीर आलं (आम्ही शिकणाऱ्यांनी वर्गणी काढली, उस्तादांनी सर्वांत जास्त घातले). नोव्हेंबरात पुन्हा पडले. या वेळी उभ्या घोड्यावरून, चढताना, तंग तपासायची विसरल्यामुळं. खोगिरासकट फिरून पोटाखाली. लेकीनं व्हिडिओ काढलाय, तो घरच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. गंमत म्हणजे या पडण्यानं अंग आखडलं नाही. कारण माहीत होतं म्हणून असेल. जूनमध्ये ताडपत्रीवर माझं काहीच चालणार नव्हतं. तंग तरी माझ्या हातातली.

दुडकी आता लगाम धरून जमते, डावीकडच्या वळणाला अजून नाही. डावा खांदा आठवण ठेवून आहे. कँटर नाही. लेक आता आडव्या बांबूवरून उड्या मारते. वेळ अजून वेगळीच ठेवलीय, @लेकुरवाळी, तुमचा सल्ला सगळ्यांत स्वस्त आणि मस्त निघाला.

तर माळेगाव. नांदेड-लातूर रस्त्यावर गाडी लावली आणि भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या गर्दीतून आत शिरलो. खंडोबा स्वतःच घोड्यावर बसणारा देव, त्याच्या दारात घोड्यांचा बाजार हे किती शहाणपणाचं! नुकरे, अबलख, कुमैत, कानांची टोकं एकमेकांना टेकलेले मारवाडी, रांगाच्या रांगा. एक म्हातारबाबा रहवाल चालीवर घोडा दाखवत होते, हातात चहाचा भरलेला पेला, एक थेंब सांडला नाही. लेक तोंड उघडं ठेवून बघत होती. मी बाबांच्या कमरेकडं बघत होते. त्यांचं वरचं अंग जणू झोपलेलं, कंबर तेवढी जागी.

बाबांनी बघितलं असावं. म्हणाले, "बसता का माय?" मी नको म्हटलं. लेक म्हणाली, "तिला येतं." हे ती पहिल्यांदा म्हणाली.

बसले. अनोळखी घोडा, भोवती ढोल, उंट, माणसं. हेल्मेट गाडीतून आणलं, बाबा त्याला हसले, हसू दे. चाल वीस-पंचवीस पावलं छान गेली. मग मागं कुठंतरी यळकोट यळकोट झालं, घोड्याचे कान फिरले आणि माझे दात आवळले. थांबवला. मान थोपटली. उतरले.

बाबा म्हणाले, "बस? एवढंच?"

म्हटलं, "हो, एवढंच."

---

नालबंदाचा_नातू | २९ डिसेंबर, सकाळी ६:१५

ताई, माळेगावात येऊन फोन बी नाही, निरोप बी नाही! आमचा तंबू उंटाच्या बाजाराच्या अलीकडंच होता. आयनं भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी केलती चार माणसाला पुरून उरंल एवढी. फुडच्या वर्साला लेकराला घिऊन सरळ तंबूत यायचं. आन त्या बाबाच्या घोड्याचा मागचा उजवा नाल ढिला व्हता, म्या सकाळीच ठोकून दिलता, म्हणून इचारतो, नीट चालला का?

---

गंगाकाठी | २९ डिसेंबर, सकाळी ७:०२

नीट चालला दादा. चहासुद्धा सांडला नाही.